आंब्याफणसाखालच्या कौलारू घरासाठी पन्हळीवरची जाळी कशी निवडावी

कोकणातील जुन्या घरांना बहुधा पन्हळ नसे. वळचण भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढलेली असे आणि पागोळ्या जिथे पडतात तिथे जांभ्याचे चिरे मांडलेले असत, त्यामुळे पाणी उडून भिंत भिजत नसे आणि कौलांवरचा पाचोळाही पाण्याबरोबर थेट अंगणात उतरत असे. पुढे दारासमोर पाण्याचा पडदा नको, पावसाचे पाणी टाकीत घ्यायचे आहे किंवा शेजाऱ्याच्या हद्दीत पाणी जाऊ द्यायचे नाही, अशा कारणांनी पन्हळ आली आणि तिच्यात पातेरा साचण्याचे दुखणेही आले. म्हणून जाळीचा विचार करण्यापूर्वी एक साधा प्रश्न स्वतःला विचारावा, की पन्हळ चारही बाजूंना खरोखर हवी आहे का. मागच्या परसाकडे पाणी मोकळे पडले तरी चालणार असेल, तर तिथली पन्हळ काढून टाकणे हा कोणत्याही जाळीपेक्षा स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे.

ज्या बाजूंना पन्हळ ठेवायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यातील मंगलोरी कौलांचे, आंबा, फणस, माड, पोफळी यांच्या गर्दीत असलेले घर मी डोळ्यांसमोर धरले आहे. पत्र्याच्या छपरालाही यातील बहुतेक गोष्टी लागू होतात.

दुकानात ‘गटर गार्ड’ म्हणून मिळणारे बरेच प्रकार मुळात गुळगुळीत, सरळ कडेच्या छपरांसाठी आणि वर्षभर विभागून पडणाऱ्या पावसासाठी बेतलेले आहेत. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. त्यामुळे जाळी किती पाने अडवते याच्या आधी ती किती पाणी आत घेते, हे पाहावे लागते. पान अडवणारी पण पाणी बाहेर उडवणारी जाळी असेल, तर पन्हळ असून नसल्यासारखीच होते.

पन्हळ आणि पाइप आधी तपासा

समजा घराची लांबी १२ मीटर आहे आणि एका बाजूच्या पाख्याची, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूची, आडवी रुंदी ५ मीटर आहे, म्हणजे त्या बाजूला ६० चौरस मीटर क्षेत्र झाले. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ताशी १०० मिलिमीटर वेगाची सर आली तर या एका बाजूला मिनिटाला १०० लिटर पाणी उतरते, म्हणजे वीस लिटरची भरलेली बादली दर बारा सेकंदांना पन्हळीत रिती होते. दिवसाच्या पावसाच्या आकड्यावरून हा वेग कळत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याची तासाची सरासरी ४० मिलिमीटरही होत नाही, परंतु त्यातील बहुतांश पाऊस दुपारनंतरच्या काही तासांतच कोसळला होता. पन्हळीची परीक्षा अशाच तासांत होते.

ताशी १०० मिलिमीटर पावसाला १०० मिलिमीटर व्यासाचा एक उभा पाइप साधारण ४० चौरस मीटर छपराला पुरतो, असा हिशेब बांधकामात धरतात. त्या हिशेबाने वरच्या उदाहरणातील १२ मीटर पन्हळीला दोन पाइप लागतात, आणि प्रत्यक्षात अनेक घरांना एका टोकाला तीन इंची एकच डाउनटेक पाइप जोडलेला असतो. अशा घरी पन्हळ भरून वाहिली की दोष पाचोळ्यावर जातो, जाळी आणली जाते आणि पुढच्या पावसात पन्हळ पुन्हा भरून वाहते.

उतारही पाहावा. दर मीटरला सुमारे ५ मिलिमीटर, म्हणजे दहा मीटरला ५ सेंटिमीटर उतार पुरेसा असतो. पन्हळ स्वच्छ करून वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओतावे आणि ओसरल्यावर कुठे डबके राहते तिथे खडूने खूण करावी. हे डबके जाळीखाली झाकले गेले की नजरेआड जाते, परंतु डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला ते चांगले सापडते आणि उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास त्याला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून खाली बसलेले ब्रॅकेट जाळीच्या आधी सरळ करावेत. ब्रॅकेटमधील अंतर दोन फुटांहून अधिक असेल तर मध्ये आणखी एक घालावे, कारण १५ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर खोल पन्हळ दहा मीटर लांबीत तुंबली तर तिच्यात दीडशे किलो वजन साचते.

पाचोळा चाळून पाहा

माझ्या मते निवडीची खरी पायरी हीच आहे, आणि तीच सर्वाधिक टाळली जाते. मे महिन्यात पन्हळीतील सगळा गाळ एका घमेल्यात काढावा, ताडपत्रीवर पसरून वाळवावा आणि आधी वाळूच्या चाळणीतून, मग स्वयंपाकघरातून बाद झालेल्या पिठाच्या चाळणीतून चाळावा. तीन ढीग होतात. पहिल्यात अख्खी पाने आणि काटक्या, दुसऱ्यात पानांचे तुकडे, देठ आणि बारीक पर्णिका, तिसऱ्यात काळी माती. कोणता ढीग मोठा आहे यावर जाळीचे भोक ठरते.

आंब्याचे आणि फणसाचे पान जाड, चिवट आणि कुजायला मंद असते. ते कोणत्याही जाळीवर अडते, प्रश्न ते तिथून हटते की नाही हा आहे. ओली आंब्याची पाने सपाट जाळीवर कौलांसारखी एकावर एक बसतात आणि पाणी त्यांच्यावरून घसरून थेट अंगणात जाते. चिंच, गुलमोहर आणि शेवगा यांचे उलट आहे. त्यांच्या पर्णिका इतक्या बारीक असतात, की त्यांना अडवायला मच्छरजाळीएवढे बारीक भोक लागेल आणि ते भोक त्याच पर्णिकांनी बुजेल. त्यांना आत जाऊ द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण उतार चांगला आणि पाइप मोठा असेल तर आपल्या पावसाचा जोर त्यांना धुऊन नेतो. सुरूच्या काड्या आणि बांबूची अरुंद पाने भोकात उभी घुसतात आणि कंगव्यात अडकलेल्या केसांसारखी राहतात, म्हणून त्यांच्या खाली विणलेल्या जाळीपेक्षा गुळगुळीत, भोके पाडलेला पत्रा बरा. काटेसावर जवळ असेल तर उन्हाळ्यात तिचा कापूस उडतो आणि बारीक जाळीवर चक्क गादी घालतो.

आंब्याची आणखी एक गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. मोहराच्या दिवसांत तुडतुडे जो चिकट स्राव सोडतात, तो झाडाखालच्या सगळ्या वस्तूंवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. एक मिलिमीटरहून लहान भोकांची जाळी अशा फांदीखाली दोन मोसम राहिली, की तिला हात लावल्यावर मेणकापडासारखी लागते. गळलेल्या मोहराच्या काड्या त्यात अडकतात, धूळ बसते, आणि जूनच्या पहिल्या सरीत पाणी त्या जाळीवरून सरळ पलीकडे उडी मारते.

माड आणि पोफळी यांच्यासाठी मात्र जाळीचा विचारच करू नये. चार-पाच मीटर लांबीची वाळकी झावळी वरून आली तर जाळीसह पन्हळही मोडते, आणि पोफळीची विरी, म्हणजे तिच्या झावळीच्या बुडाचा रुंद जाड भाग, पन्हळीवर नेमकी आडवी पडते. वाळक्या झावळ्या मे महिन्यात पाडेल्याकडून उतरवून घ्याव्यात आणि इतर झाडांच्या फांद्या छपरापासून निदान दोन मीटर मागे छाटाव्यात. यामुळे पाचोळा कमी होतोच, शिवाय वानरांची कौलांवर उडी मारण्याची जागाही जाते.

कोणत्या प्रकारात काय मिळते

स्पंजाच्या पट्ट्या पन्हळीत नुसत्या दाबून बसवायच्या असतात, त्यामुळे सर्वांत सोप्या वाटतात. आमच्या घरी त्या एकदा बसवल्या होत्या. पहिला महिना उत्तम गेला. गणपतीच्या सुमारास पडवीच्या बाजूला स्पंजावर नेचे उगवले होते आणि मधोमध पिंपळाचे चार पानांचे रोप उभे होते. दिवाळीत पट्ट्या काढल्या तेव्हा त्या भिजलेल्या गादीसारख्या जड झाल्या होत्या आणि पिंपळाची मुळे पन्हळीच्या सांध्यापर्यंत पोचली होती. दमट हवेत झाडांखाली स्पंज वापरू नये. शिवाय सड्यावरचे, म्हणजे कातळपठारावरचे, गवत पेटून वणवा घराकडे येण्याची भीती जिथे असते, तिथे सुका पातेरा भरलेला स्पंज वळचणीला ठेवणे हे सरळ सरपण ठेवणे आहे.

बाटली घासण्याच्या ब्रशासारखे लांब ब्रशही मिळतात. पाणी त्यांतून चांगले जाते, परंतु आंब्याचे देठ केसांत अडकतात आणि वर्षअखेर प्रत्येक ब्रश बाहेर काढून झाडावा लागतो. वानरांचा वावर असेल तर ते काम वानरच करतात.

वरून वळवलेल्या, बंद पत्र्याच्या टोपीचा प्रकार देखणा असतो. पाणी वळणाला चिकटून फटीतून आत शिरते आणि पाने बाहेर पडतात, असे त्याचे तत्त्व आहे. मध्यम पावसात आणि कमी उताराच्या छपरावर ते लागू पडते. मंगलोरी कौलांवरून पाणी सलग पडद्यासारखे उतरत नाही, तर प्रत्येक कौलाच्या खोलगट भागातून वेगळ्या धारेने येते आणि पाख्याचा उतार तीव्र असल्याने त्या धारेला वेगही असतो. अशी धार वळणाला चिकटत नाही, ती सरळ पुढे जाते.

स्टीलच्या अतिबारीक जाळीचा खप सध्या वाढतो आहे आणि ती पाचोळा उत्तम अडवते यात शंका नाही. माळरानावरच्या किंवा कमी पावसाच्या भागातील घराला, विशेषतः पाणी टाकीत घ्यायचे असेल तर, ती योग्य ठरेल. आंब्याखाली ती का नको हे वर आलेच आहे.

उरतात ती मध्यम भोकांची जाळी आणि भोके पाडलेला पत्रा. आंबा, फणस, काजू, जांभूळ, साग अशी मोठ्या पानांची झाडे असतील तर ५ ते ८ मिलिमीटर भोकांची कडक जाळी मी सुचवेन. अर्धा इंची चौकोनी वेल्डमेशही चालते, मात्र तिच्यातून देठ आणि पानांचे तुकडे आत जातात हे गृहीत धरावे. सुरू किंवा बांबू असेल तर ३ ते ५ मिलिमीटर गोल भोकांचा ॲल्युमिनियमचा पत्रा घ्यावा. दोन्ही प्रकारांत जाळी बोटाने दाबली असता खोलगट होता कामा नये, कारण जिथे खळगा तिथे पाने साचतात.

घराच्या एका बाजूला आंबा आणि दुसऱ्या बाजूला चिंच असेल, तर दोन्हीकडे एकच जाळी लावण्याचा आग्रह धरू नये. चिंचेच्या बाजूला जाळीच न लावता पन्हळ मोकळी ठेवणे आणि पाइपाच्या तळाशी डोअर टी बसवणे, म्हणजे झाकण उघडून अडकलेला गाळ काढता येतो, हे अधिक शहाणपणाचे आहे.

धातू आणि समुद्राची हवा

किनाऱ्याजवळ जीआयची, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची, जाळी कापलेल्या टोकांपासून गंजते आणि प्लॅस्टिकचा लेप असलेली जाळीही कापलेल्या जागी उघडी पडते. स्टील घ्यायचे तर समुद्राच्या जवळ ३१६ प्रतीचे घ्यावे, कारण ३०४ प्रतीच्या स्टीलवर खाऱ्या हवेत तांबूस डाग पडतात. घाटाकडच्या गावांत ३०४ पुरते. पन्हळ जीआयची असेल तर तिच्यावर स्टीलची जाळी थेट टेकवू नये, कारण दोन वेगळे धातू ओले एकत्र राहिले की त्यांतील एक लवकर झिजतो आणि इथे झिजतो तो पन्हळीवरचा जस्ताचा थर. मध्ये रबराची पट्टी द्यावी किंवा जाळी ॲल्युमिनियमची घेऊन तिलाही तशीच पट्टी लावावी. पीव्हीसी पन्हळीला ही अडचण नाही. प्लॅस्टिकची जाळी मात्र उन्हाने ठिसूळ होते, म्हणून ती नेहमी सावलीत असणाऱ्या बाजूलाच वापरावी.

विकत घेण्यापूर्वी बादलीची परीक्षा

दुकानदाराकडून एक मीटरचा तुकडा आणावा. अंगणात जुनी कौले आपल्या पाख्याच्या उताराने एका फळीवर मांडावीत, खाली पन्हळीचा तुकडा किंवा लांबट घमेले ठेवावे आणि त्यावर जाळी बसवावी. वर काढलेल्या हिशेबाप्रमाणे एक मीटर वळचणीवर मिनिटाला सुमारे ८ लिटर पाणी येते. सरीचा जोर आणि कौलांच्या धारा लक्षात घेऊन आपण वीस लिटरची बादली अर्ध्या मिनिटात ओतावी. ओतणाऱ्याने बादली कौलांच्या वरच्या टोकाला धरावी, म्हणजे पाण्याला वेग मिळेल. किती पाणी पन्हळीत पडले आणि किती पुढे उडाले, ते पाहावे.

आता जाळीवर भिजवलेली दहा-बारा आंब्याची पाने टाकून तीच बादली पुन्हा ओतावी. कोरड्या जाळीवर सगळेच प्रकार पास होतात, निकाल या दुसऱ्या बादलीला लागतो. अर्ध्याहून अधिक पाणी बाहेर जात असेल तर तो प्रकार बाद करावा. पाने वाळल्यावर हाताने नुसते पंख्यासारखे हलवून ती खाली पडतात का, हेही बघून घ्यावे.

बसवताना

जाळी आडवी सपाट न बसवता बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्यावा, म्हणजे वाळलेली पाने वाऱ्याने खाली सरकतात. कौलांची शेवटची ओळ पन्हळीच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत पुढे आलेली असावी आणि जाळीची आतली कड त्या ओळीच्या खाली राहावी, परंतु कौलांना टेकू नये. ती टेकली तर पाणी जाळीवरून मागे ओघळून रिपेवर जाते आणि लाकूड कुजू लागते. कौलांना भोक पाडून स्क्रू मारण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

जाळी एक ते सव्वा मीटरच्या तुकड्यांत घ्यावी आणि क्लिपांनी किंवा स्टीलच्या तारेने पन्हळीच्या बाहेरच्या कडेला बांधावी, म्हणजे एक माणूस एक तुकडा उचलून आत हात घालू शकेल. सिलिकॉनने कायमची चिकटवलेली जाळी ज्या वर्षी तुंबते, त्या वर्षी ती तोडावीच लागते. तुकडे एकमेकांवर इंचभर चढवावेत आणि पन्हळीची टोके बंद करावीत, नाहीतर उंदीर आणि खारी आत घर करतात.

पाइपाच्या तोंडावर वेगळी बारीक जाळी बसवण्याचा मोह होतो. वर पूर्ण लांबीची जाळी असेल तर तोंडावरची जाळी काढून टाकावी, कारण आत शिरलेले तुकडे तिच्यावर साचतात आणि वरून काहीच दिसत नाही. उलट, पन्हळीवर जाळी नसेल तर तोंडावर तारेची फुगीर जाळी अवश्य हवी.

दोन पाखी जिथे काटकोनात मिळतात, त्या कोनातून येणारा लोंढा कोणतीही जाळी सामावून घेत नाही. तिथे दीड-दोन फूट लांबी उघडी ठेवावी आणि पन्हळीच्या बाहेरच्या कडेवर चार इंच उंच पत्र्याची पट्टी उभी करावी. हा उघडा भाग हाताने साफ करावा लागणार, हे मान्य करूनच पुढे जावे.

पाणी टाकीत घेणाऱ्यांनी जाळीला गाळणी समजू नये. मोसमातील पहिल्या सरींचे पाणी बाहेर सोडण्याची सोय आणि टाकीपूर्वीची गाळणी या दोन्ही गोष्टी लागतातच, कारण पक्ष्यांची विष्ठा आणि धूळ जाळीतून खुशाल जाते.

शिडीवर चढण्यापूर्वी वळचणीखाली गांधीलमाशांचे पोळे आहे का ते पाहावे. शिडीचा पाय भिंतीपासून उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर ठेवावा, खाली एक माणूस उभा करावा आणि शेवाळलेल्या कौलांवर पाय देऊ नये. वीजवाहिनीची तार त्या बाजूने आत येत असेल तर ॲल्युमिनियमची शिडी तिथे नेऊ नये.

आगोटीनंतर

जाळी लावल्यावरही वर्षातून दोनदा वर पाहावे लागते. एकदा मे महिन्याच्या अखेरीस, शाकारणीच्या कामांबरोबर जाळीवरचा मोहर आणि काटक्या ताठ ब्रशने झाडाव्यात आणि दोन-तीन तुकडे उचलून आत पाहावे. दुसऱ्यांदा श्रावणात उघडीप मिळाली की शेवाळ घासावे आणि कुठे पिंपळ, वड किंवा उंबर रुजला असेल तर तो दोन पानांचा असतानाच उपटावा.

जूनमधील पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारावी. पन्हळीपुढे पाणी जिथे जमिनीवर आदळते तिथे खळगा पडतो, आणि त्या प्रत्येक खळग्याजवळ एकेक दगड ठेवावा. पाऊस थांबल्यावर दगडांच्या वरचे तुकडे तपासावेत. बहुतेक ठिकाणी जाळी आत झुकलेली किंवा कौल पुढे सरकलेले आढळते, आणि उरलेल्या एक-दोन ठिकाणी कोनातल्यासारखी पत्र्याची पट्टी उभी केली की काम भागते.